मामांची भट्टी लाकडावर आणताना

सगळ्यात आधी माफी मागतो. लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही आणि लिहायचा सरावही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे मी वही घेऊन बसलो की घरच्यांना वाटतं, मी कसला तरी अर्ज भरतोय. आजवर मी जे काही मन लावून लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलात. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. ही हकिकतही मी तशीच लिहायला घेतली होती. उद्देश नीट उतरला, साहित्यही उतरलं, पण कृती लिहिताना मला माझंच हसू यायला लागलं आणि निष्कर्षाच्या जागी काय लिहावं ते कळेना. म्हणून आता जसं घडलं तसं सांगतो. शेगड्यांमधलं ज्यांना खरंच कळतं त्यांनी माझ्या सुरुवातीच्या आत्मविश्वासावर रागावू नये. पुढे माझी पुरेशी फजिती होते.

सोनपेठला एसटी स्टँडच्या समोर माझ्या मामांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि एक भट्टी. विटांच्या ओट्यात अर्धं कापलेलं लोखंडी पिंप बसवलेलं, आतून मातीचा थर, मध्ये सळयांची जाळी, आणि मामांच्या बाजूला खाली राख ओढायचं तोंड. या भट्टीत दगडी कोळसा जळायचा. पहाटे एकदा पेटवली की ती दुपारपर्यंत कोणाकडे काही मागायची नाही. मामा तिच्यामागे उभे राहायचे, उजव्या हातात पळी, आणि तोंड मोकळं.

हे तोंड मोकळं असणं महत्त्वाचं होतं. कारण मामांकडे लोक चहा प्यायला येतात हे अर्धंच खरं आहे. लोक त्यांच्याकडे निरोप ठेवायला येतात. "पाथरीच्या गाडीनं आमची सून उतरल, तिला म्हणावं आमी बाजारात हाव." "ही पिशवी ठिवा, संध्याकाळी वालूरचा पाव्हणा नेईल." मोबाइल आले तरी हे थांबलं नाही, कारण मोबाइलची रेंज जाते आणि मामा कुठे जात नाहीत.

मग कोळसा थांबला. त्यात कोणाचा दोष नव्हता. कोळसा आणून देणारे गृहस्थ म्हातारे झाले आणि त्यांच्या मुलांनी टेम्पो मुरूम वाहायला लावला. मोठ्या सिलिंडरवर मामांचा चहा परवडत नव्हता. बाभळीचं लाकूड मात्र आमच्या बांधावरचं होतं, उन्हाळ्यात तोडून वाळवलेलं, हवं तेवढं. मामांनी ते कोळशाच्या भट्टीत वरून टाकून पेटवलं.

धूर असा झाला की स्टँडवरच्या कंट्रोलरनं बाहेर येऊन विचारलं, काय जळालं. गिऱ्हाईक डोळे पुसत चहा प्यायचं आणि अर्धा कप ठेवून उठायचं. शेजारच्या शेडमध्ये टेलर मास्तर बसतात. मामांचे जुने दोस्त, पण त्यांनीही हात जोडले.

"मामू, नवरदेवाचा कोट हाय माझ्याकडं. त्याला हुरड्याचा वास येतोय. पोरगी बोहल्यावरून उठून जाईल."

त्याच आठवड्यात चाकणहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे मामांचा मुलगा, तिकडे कंपनीत आहे, चौथ्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "बाबा, झालं की आता. आयुष्यभर उभं राहिलात. मी दिवाळीला येतो आणि तुम्हा दोघांना घेऊनच जातो. हॉटेल बंद करा."

दादा मनापासून बोलत होता. तो वाईट मुलगा असता तर गोष्ट सोपी होती. पण मामा मागे एकदा त्याच्याकडे महिनाभर राहायचं म्हणून गेले होते आणि मधूनच परत आले होते. का आलात, असं आईनं विचारलं तेव्हा म्हणाले होते, "तिथं दारं लय चांगली हायत. सगळी बंद असत्यात."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. दिवाळीपर्यंत भट्टी लाकडावर नीट चालली तर मामा सोनपेठला, नाहीतर चौथ्या मजल्यावर.

या प्रश्नात मी गणपतीच्या सुट्टीत येऊन पडलो. मी परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामा मला इंजनेर म्हणतात. मी दर वेळी सांगतो की मामा, बी.एस्सी. वेगळं आणि इंजिनिअर वेगळं. ते म्हणतात, "तेच ते."

बाकड्यावर मामा, मामी आणि टेलर मास्तर असे तिघे डोळे चोळत बसले होते. मी म्हणालो, "मामा, यात अवघड काही नाही. कोळशाला हवा खालून लागते. लाकडाला खालून लागते आणि वरूनही लागते. एवढाच फरक आहे."

हे मी आदल्या दिवशी बसमध्ये मोबाइलवर पाहिलं होतं. पण ते मी अशा आवाजात बोललो की जणू मीच शोध लावला. तिघेही माझ्याकडे बघायला लागले. आजवर माझ्या शिक्षणाचा घरात उपयोग म्हणजे ऑनलाइन अर्ज भरणे आणि आईचा मोबाइल हँग झाला की बंद करून चालू करणे. पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे असं बघत होतं.

"म्हंजे हुईल?" मामा म्हणाले.

"होईल," मी म्हणालो. विचार मी नंतर केला.

मास्तरांनी त्यांचं कापड कापायचं टेबल रिकामं करून दिलं आणि खडूही दिला. मी काळ्या टेबलावर भट्टी काढली. मला जे समजलं होतं ते असं. कोळसा जागच्या जागी लाल होऊन जळतो. त्याला रुंद जाळी आणि खालून वारा पुरतो. लाकडाचं तसं नाही. लाकूड तापलं की आधी त्यातून धूर निघतो, आणि तो धूर म्हणजेच खरं तर अर्धं जळण असतं. त्याला वर चढताना गरम, अरुंद जागा आणि थोडी हवा मिळाली तर तो पेटतो आणि ज्योत होते. नाहीतर तो थंड पातेल्याच्या बुडाला आपटून तसाच मास्तरांच्या कोटावर जातो. म्हणून रुंद पिंपाच्या आत एक अरुंद नळा उभा करायचा. बाजूला तोंड ठेवून त्यातून लाकूड आडवं सरकवायचं, म्हणजे फक्त टोक जळेल. नळ्याला वर थोडी भोकं पाडायची. नळा आणि पिंप यांच्यामधल्या जागेत राख ठासायची, म्हणजे उष्णता बाहेर पळणार नाही. वरून मातीचं झाकण लिंपायचं.

मी हवेचे बाण काढले. ज्योत काढली. पातेलं काढलं, त्यातून वाफही काढली. मास्तर म्हणाले, "भाचेसाब, चित्र तर फ्रेम करण्यासारखं हाय." मी लाजलो. ती स्तुती नव्हती हे मला खूप नंतर, टेबल पुसताना कळलं.

नळ्यासाठी गावातच, आमच्या गल्लीत पडलेला बोअरच्या केसिंगचा तुकडा मिळाला. त्या बोअरला पाणी लागलं नव्हतं, त्यामुळे मालकाला त्या पाइपाचं तोंडही बघायचं नव्हतं. तो म्हणाला, "घिऊन जा, आन् परत आणू नगंस." मी तो पाइप सायकलच्या कॅरिअरला बांधून आणत होतो तेवढ्यात इकडे मामांनी बोलावलेला वेल्डिंगवाला ग्राइंडर घेऊन आला आणि टेबलावरचं चित्र बघून त्यानं पिंपाला लाकडाचं तोंड कापून टाकलं.

गिऱ्हाइकाच्या बाजूला.

मी येऊन बघतो तर लाकूड घालायचं तोंड बाकड्याकडे, आणि मामा भट्टीच्या पलीकडे.

"असं कसं कापलं?" मी म्हणालो.

"चित्रात हाय तसं."

मी चित्र बघितलं. त्याचं बरोबर होतं. मी हवा काढली होती, धूर काढला होता, वाफेचे तीन शेपटे काढले होते, पण मामा कुठे उभे राहणार हे काढलंच नव्हतं. भट्टी ओट्यात बसवलेली, ती फिरवता येत नाही. पिंप जुनं, दुसरं भोक पाडलं तर ते मधूनच दुमडलं असतं. मामा म्हणाले, "र्‍हाऊ दे. मी पुढून येऊन घालीन लाकडं." हे ते इतक्या सहज म्हणाले की मला अजून वाईट वाटलं.

पाइप उभा केला, राख ठासली. वरचं झाकण लिंपायला मामी बसल्या. मी त्यांना सांगत होतो की थर सारखा पाहिजे, मामी.

"सारखाच हाय. यात आमचं शेण चालतंय का तुझ्या कालिजातून आणायचं?"

"चालतं, मामी."

"मग गप बस की. माती तिंबाया लाग."

मी माती तिंबायला लागलो.

पेटवायचा दिवस ठरला. मामांच्या घरची रीत शिवभक्तांची. सकाळी अंघोळ, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा, कपाळाला विभूती, आणि मगच विस्तवाला हात. त्या दिवशी मामींनीही भट्टीला हळदकुंकू वाहिलं. मास्तर आले, वेल्डिंगवाला आला, स्टँडवरचे चार प्रवासी उगाच आले. मी बाभळीची बारीक ढलपी तोंडात घातली आणि काडी ओढली.

खोटं सांगत नाही, ज्योत पाइपातून सरळ वर आली. धूर सुरुवातीला जरा आला आणि मग आलाच नाही. पाइपातून एक घुमल्यासारखा आवाज येत होता. मास्तर म्हणाले, "वा!" ते खरंच वा म्हणाले. मी हाताची घडी घातली. आयुष्यात हाताची घडी घालून उभं राहण्याची ती माझी पहिलीच वेळ होती आणि तिला फार वेळ मिळाला नाही.

मामांनी दुधाचं पातेलं ठेवलं. दूध बघता बघता वर चढायला लागलं. मामांची पळी हातात होती. इतक्या वर्षांत मामांच्या हातून दूध उतू गेलेलं कोणी पाहिलेलं नाही. त्यांचं लक्ष गप्पांत असतं, पण हात आपोआप जातो. त्या दिवशी हात गेला नाही.

"मामा, दूध!" मी म्हणालो.

"बघायलाव."

"उतरवा की!"

"थांब. उतू जाऊ दे. नवी चूल हाय."

नव्या घरात, नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घराला पत्रे टाकले तेव्हा मीच जमिनीवर सांडलेलं दूध पुसलं होतं. पण मी बाण काढले, भोकं मोजली, राख चाळली, आणि या सगळ्यात मामा मुद्दाम, भक्तिभावानं, भरलेलं पातेलं भट्टीवर उतू घालतील हे माझ्या एकदाही मनात आलं नाही.

दूध उतू गेलं. मामींनी हात जोडले. "गेलं बाई, चांगलं झालं."

दूध तापलेल्या मातीवरून वाहत गेलं आणि माती टचकन तडकली. मग ते फटीतून खाली राखेत गेलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून धस्स असा आवाज आला आणि झाकणाचा एक तुकडा उचलला गेला आणि वाफेबरोबर राखेचा एक मोठा ढग बाहेर आला. तो सावकाश शेडभर पसरला आणि सगळ्यांवर बसला. मामा, मामी, मास्तर, वेल्डिंगवाला, चार प्रवासी, सगळे एका रंगाचे झाले. उरलेलं दूध पाइपातून निखाऱ्यावर गेलं, आणि तो वास मी सांगणार नाही.

मामी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चला, सगळ्यांनाच विभूती लागली."

मास्तरांनी टोपी झटकली. "मला पण लावली म्हणा की भाबी. आता घरी काय सांगू?"

मामा म्हणाले, "शुभ तर झालं. पण चहा कशावर ठिवू?"

त्याच वेळी दादाचा फोन आला. मामींनी राखेच्या बोटानं स्पीकर लावला.

"काय गं आई, पेटवली का? दूध उतू गेलं का?"

"गेलं."

"मग शुभ झालं की!"

"लय शुभ झालं. तुझे बाबा पांढरे झालेत."

सगळे हसले, मामाही हसले. मी हसलो नाही. मी मागे नळावर तोंड धुवायला गेलो आणि तिथेच थांबलो. मला परभणीची पुढची गाडी किती वाजता आहे हे आठवायला लागलं होतं. मामा मागून आले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, टॉवेलनं पुसलं, आणि टॉवेल तोंडावरच ठेवून विचारलं,

"हुईल ना रे?"

तोंडी परीक्षेत मला बऱ्याचदा उत्तर येत नाही. तेव्हा मी छताकडे बघतो. तिथे छत नव्हतं. मी म्हणालो, "बघतो मामा." होईल असं म्हणायचं धाडस आता नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना फार नम्रपणे सुचवलं की या वेळी दूध उतू नाही घातलं तर चालेल का. एकदा घालून झालंय.

"ती चूल मोडली," मामा म्हणाले. "ही दुसरी नवी. हिच्यावर परत घालायचं."

"मामा, पण त्यामुळेच..."

मामी म्हणाल्या, "तुमच्या कालिजात दूध उतू जात न्हाई का? पुढंमागं कधीतरी जाईलच की. एकदा देवासाठी गेलं तर तुझी भट्टी मरती, मग काय कामाची?"

खरं तर हा प्रश्न आधी मलाच पडायला हवा होता. मग मी आणि वेल्डिंगवाला बसलो आणि एक जुनं घमेलं घेतलं. त्याच्या बुडाला पाइपाएवढं भोक पाडलं आणि ते राखेवर झाकण म्हणून बसवलं. पाइपाचं तोंड घमेल्याच्या बुडापेक्षा चांगलं वर काढलं आणि त्यावर तीन जाड नट डकवले, म्हणजे पातेलं नटांवर बसेल आणि ज्योत मधून फिरेल. आता सांडलेलं दूध पातेल्याच्या अंगावरून बाहेरच्या बाजूला घमेल्यात पडणार, राखेत नाही. दिसायला ती भट्टी घमेलं डोक्यावर घेऊन निघालेल्या मजुरासारखी दिसायला लागली.

मामांनी पुन्हा अंघोळ-पूजा केली आणि पुन्हा दूध उतू घातलं. या वेळी गर्दी थोडी लांब उभी होती. दूध घमेल्यात पडलं, चर्र झालं, करपलं, आणि भट्टी जळत राहिली. मामींनी हात जोडले आणि मीही जोडले. मी कोणाला जोडले ते मला नीट माहीत नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण भट्टी सुधारली तरी मामा सुधारले नव्हते. त्यांच्या हाताला कोळशाची सवय. ते पातेलं उचलायचे आणि लाकडाचे तुकडे करून वरून पाइपात टाकायचे. पाइप तुंबायचा, धूर व्हायचा. धूर झाला की पुठ्ठा घेऊन वारा घालायचे. वाऱ्यानं राख उडायची. मी म्हणायचो, "मामा, वरून नाही, बाजूनं. तुकडे नाही, लांब लाकूड. वारा नको." ते म्हणायचे, "हो हो, बरोबर हाय," आणि मी वळलो की वरून टाकायचे. एकदा तर त्यांनी माझ्याकडे बघत बघत टाकलं.

आणि बाजूनं घालायचं तर ओट्याला वळसा घालून पुढे यायचं, उकिडवं बसायचं, सरकवायचं, उठायचं, परत मागे. कोळशानं त्यांना जे दिलं होतं ते मी काढून घेतलं होतं. ते खाली बसले की वरचं बोलणं तुटायचं. सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी कोणीतरी निरोप ठेवायला आलं आणि मामा खाली धुरात होते म्हणून निघून गेलं. मामा उठून रस्त्याकडे बघत राहिले. त्या दिवशी मला वाटलं, संपलं.

त्यानंतर थोड्या वेळानं एक म्हातारबा पाथरीच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर येऊन बसले. चहा सांगितला, चप्पल काढली, आणि पुढ्यात लाकूड बाहेर सरकलेलं दिसलं तसं त्यांनी ते हातानं आत ढकललं. कोणी सांगितलं नव्हतं. शेकोटीपुढे बसलेला माणूस जसं ढकलतो, तसं. ज्योत वर आली. ते मामांशी गाडीबद्दल बोलत होते आणि मध्ये मध्ये ढकलत होते. गाडी आली तेव्हा उठले आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाले, "ह्याच्याकडं बघा हो जरा."

आणि तो बघायला लागला.

मी तिथेच उभा होतो. मामांच्या दोन्ही हातांत पळी आणि गाळणं, तोंड मोकळं. लाकडाचं तोंड गिऱ्हाइकाकडे ठेवायचं असं मी ठरवून केलं असतं तर आज छाती काढून सांगितलं असतं. मी फक्त माणूस काढायला विसरलो होतो. संध्याकाळपर्यंत लोक आपसात भांडायला लागले. "सरकवा की, चहा पाह्यजे ना?" "आत्ताच तर घातलं." "ते काय घालणं झालं व्हय? टोक घाला टोक." मास्तरही काम सोडून येऊन बसले. एकानं वरून लाकूड टाकायला पातेलं उचललं, तर मामाच त्याच्यावर खेकसले, "ए! वरून न्हाई! बाजूनं!" माझं वाक्य, शब्द न शब्द.

सुट्टी संपली. जाताना मी विचारलं, "मग मामा, दादाला काय सांगणार?"

मामा म्हणाले, "दिवाळीपतूर बघू."

परभणीला खोलीवर आलो तर अभ्यासात लक्ष लागेना. मी रोज फोन करायचो. मामा फोनवर बोलायला कंजूष. समोर माणूस असला तर तासभर बोलतील, पण मोबाइल हातात आला की तो दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा धरतात.

"मामा, भट्टी कशी आहे?"

"हाय की."

"धूर होतोय का?"

"हुतोय थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हंजे थोडा."

"लाकूड पहिल्यापेक्षा कमी लागतं का?"

"लागतंय तेवढं लागतंय. जेवलास का?"

यावरून काय समजायचं? मला वाटायचं, भट्टी मोडली असेल आणि ते मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नसतील. पाइप गळून पडला असेल. घमेलं जळालं असेल. मामींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "तू तुझा अभ्यास कर. इथं कोण परीक्षेला बसलंय?" पेपर सुरू झाले. ज्वलनावर एक प्रश्न आला होता. मी त्यात पाइपाची आकृती काढली आणि शेजारी नकळत एक उभा माणूसही काढला. नंतर लक्षात आल्यावर खोडला.

दिवाळी जवळ आली. खोलीवरची बाकीची पोरं गावाला गेली. माझा एक पेपर राहिला होता. दादा सोनपेठला पोचला असणार हे मला माहीत होतं, पण मला फोन करायची हिंमत होईना. एकदा लावला आणि रिंग जायच्या आधी कापला. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा मोबाइलवर दादाचे दोन मिसकॉल दिसले. मी फाटकापाशी सावलीला उभा राहिलो आणि फोन लावला.

दादानं हॅलो म्हणायच्या आधी सुरुवात केली.

"काय करून ठेवलंस रे तू?"

"काय झालं दादा? मोडली का?"

"काय मोडली?"

"भट्टी."

"भट्टीचं कोण बोलतंय? सकाळपासून त्या बाकड्यावर बसून लाकडं सारतोय मी. मला उठू देईनात लोक." मागे गाडीचा हॉर्न वाजत होता, आणि मामांचा आवाज ऐकू येत होता, कोणाला तरी सांगत होते की त्याची बहीण मघाशीच येऊन गेली, पिशवी आत ठेवलीय. दादाचा आवाज खाली आला.

"बाबा येत नाही म्हणाले. आईपण नाही. चहा पुढं केला आणि सरळ सांगितलं." मागून कोणीतरी लाकूड सरकवा म्हणालं. "मी त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती रे."